डोकं फिरवणारे ग्राफिक नॉव्हेल कोणाला, कोणते आणि कसे द्यायचे

"काहीतरी डोकं फिरवणारं दे न वाचाले, तेच ते नको" असं कोणी म्हणलं की आपण लगेच आपल्याला आवडलेलं सगळ्यात अवघड पुस्तक काढून त्याच्या हातात देतो. मग पोळ्याला गेलेलं पुस्तक दिवाळीला परत येते अन् समोरचा म्हणते "चांगलं होतं, थोडंसं समजलं नाही". म्हणजे त्यानं वाचलंच नाही. चूक त्याची नसते, देणाऱ्याची असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली लांब गोष्ट, किती विचित्र आहे हे पाहून देऊ नका, ते कुठून विचित्र आहे हे पाहून द्या. काही पुस्तकांत चित्र पागल असतात पण गोष्ट एकदम सरळ असते. काहींत चित्र साधे, चौकटी जागच्या जागी, पण गोष्ट कुठं चालली त्याचा ठावठिकाणा नाही. आणि काहींत दोन्ही सुटलेलं असते, धरायला काहीच सापडत नाही. हा तिसरा प्रकार नवीन माणसाला द्यायचाच नाही, तो कितीही छाती ठोकून सांगो की मी सगळं वाचतो. पहिल्या दोघांतलं एक द्यायचं, कोणतं ते माणूस पाहून.

आता माणूस कसा ओळखायचा? "तुला कोणते पुस्तक आवडतात" विचारून काही फायदा नाही, त्यावर लोक एकतर दहावीतला धडा सांगतात नाहीतर एमपीएससीची बुकलिस्ट. त्यापेक्षा हे विचारा, की अशी कोणती गोष्ट आहे जी तुला समजली नाही पण तरी तू दुसऱ्यांदा पाह्यली किंवा ऐकली. यावर लोक मस्त खुलतात. कोणी मंडईतल्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या, दंडारीचं (लोकनाट्याचं) सोंग सांगते, कोणी लहानपणापासून पडणारं स्वप्न सांगते, कोणी एखादं भजन सांगते. भजनावरून आठवलं, ज्ञानेश्वरांच्या नावानं गातात तो "काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड एक वसेचि ना" वाला अभंग घ्या. काट्याच्या टोकावर गाव, जे गाव वसलंच नाही तिथं कुंभार येतात, त्यातले दोन थोटे अन् एकाला घडवताच येत नाही, आणि भजनात बसलेले बुढे मस्त माना डोलवत ऐकतात, कोणी उठून म्हणत नाही की बापू हे लॉजिकमध्ये बसत नाही. विचित्र पचवायची ताकद आपल्या इकडं आहेच, फक्त ती कॉमिक्सच्या पानावर वापरायची सवय नाही. आणि ही सवय लावायची असेल तर सुरुवात अशा गोष्टीपासून करा जी समोरच्याला आधीच माहीत आहे.

म्हणून विदर्भात माझी पहिली शिफारस ठरलेली असते, भीमायन. नवयान प्रकाशनानं २०११ साली काढलं, चित्र दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांचे, दोघंही परधान गोंड आदिवासी कलाकार, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, पाण्याचा, राहायच्या जागेचा, प्रवासाचा, महाडचा. दरवर्षी दीक्षाभूमीला जाणाऱ्या माणसाला यातली गोष्ट नवीन सांगायची गरजच नाही, ती त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते. म्हणून त्याचं सगळं लक्ष चित्राकडं जाते. आणि चित्र असे की चौकटीच नाहीत. व्याम दाम्पत्यानं स्पष्ट सांगितलं होतं की आम्ही माणसं डब्यात कोंबणार नाही, त्यामुळं घराच्या भिंतीवर काढतात तो दिग्ना नक्षीचा पट्टा पानावर नागमोडी फिरते आणि तोच पान वाटून देते. रेल्वे म्हणजे साप. चांगल्या माणसाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. ही नांगीवाली गोष्ट आधी सांगू नका, दोनचार पानांत तो स्वतःच बोट ठेवून म्हणते "अबे, हे पाह्य", आणि ते त्याला स्वतःहून सापडलं की समजा गाडी रुळावर आली. वय विचारू नका, हे पुस्तक शाळेतल्या पोरापासून आजीपर्यंत कोणालाही चालते.

याच वाटेवरचं दुसरं म्हणजे भज्जू श्याम यांचं द लंडन जंगल बुक, तारा बुक्स, २००४. काटेकोर बोलायचं तर हे ग्राफिक नॉव्हेल नाही, चित्रांचं प्रवासवर्णन आहे, पण आपल्याला परीक्षेत मार्क थोडेच मिळवायचे आहेत. मध्य प्रदेशातल्या पाटणगडचा गोंड चित्रकार लंडनला एका रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला जाते आणि जे दिसलं ते आपल्या जंगलाच्या भाषेत काढते. विमान म्हणजे उडणारा हत्ती, जमिनीखालची ट्रेन म्हणजे गांडूळ, बिग बेन म्हणजे कोंबडा, कारण वेळ सांगायचं काम दोघांचंच. २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोली, चंद्रपूरकडच्या वाचकाला हे द्या, त्याच्या घराच्या भिंतीवरचं ओळखीचं काहीतरी त्याला परदेशात फिरताना दिसते, आणि सररिअल (म्हणजे स्वप्नासारखं, वास्तवाच्या पलीकडचं) वगैरे शब्द न वापरता काम होऊन जाते.

आता खरी अडचण, जी पुण्या-मुंबईच्या याद्यांमध्ये कोणी लिहीत नाही. इंग्रजी. असे बहुतेक पुस्तक इंग्रजीत, मराठीत जवळपास काहीच नाही, आणि आपला वाचक हुशार असला तरी दोन ओळीनंतर डिक्शनरी उघडायची म्हणलं की कंटाळते. यावर माझा इलाज म्हणजे शब्दच नसलेले कॉमिक्स. लोकांना वाटते हे पोराटोरांचं काम, पण उलट आहे, बिनशब्दाचं पुस्तक वाचायला जास्त डोकं लागते. पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते.

"हे काय हाय बे, याच्यात तं काही लिहूनच नाही."
"मंग पाह्य न."
"पाह्यलं, झालं."
"मंग सांग काय झालं त्याच्यात."

इथं गप्प बसायचं. तो सांगायला लागते, मधेच अडकते, मागं जाते, परत पाहते. खरं वाचन इथं सुरू होते. दोघांना एकच पुस्तक देऊन दोघांकडून वेगवेगळी गोष्ट ऐकली तर अजूनच मजा, हमखास भांडण लागते.

बिनशब्दांत माझं सगळ्यात आवडतं, शॉन टॅनचं द अरायव्हल, २००६ चं. एक माणूस बायको-पोरीला घरी ठेवून दूरच्या देशात कामाला जाते. बस एवढीच गोष्ट. पण त्या देशातले प्राणी, फळं, घड्याळं, मशिनी सगळे अजब, आणि पाट्यांवरची अक्षरं टॅननं स्वतः बनवलेली, जगात कोणालाच वाचता येत नाहीत. म्हणजे त्या माणसाला जेवढं समजते तेवढंच वाचणाऱ्याला. आपल्या पट्ट्यातून धानाची कापणी झाली की किती लोक मिरची तोडायला तेलंगणात जातात, तिथं उतरल्यावर बसच्या पाटीवर तेलुगू, दुकानावर तेलुगू, दवाखान्यावर तेलुगू. असं जाऊन आलेल्या माणसाला हे पुस्तक द्या आणि पाहा. कॉलेजवाल्याला जिथं "मेटाफर", म्हणजे रूपक दिसते तिथं त्याला सरळ आपला पहिला दिवस दिसते, आणि खरं सांगू, त्याचंच वाचन जास्त बरोबर वाटते मला.

अप्पूपेनचं लेजंड्स ऑफ हालाहाला पण बिनशब्दाचं, २०१३ चं, आपल्याच देशातलं, पाच वेगळ्या गोष्टी आहेत त्यामुळं एक वाचून ठेवून देता येते. टोमणे मारणारं आहे, बाजार, जाहिराती, राजकारण, त्यामुळं चौकात बसून सरकारवर बोलणाऱ्याला लगेच लागू पडते. आणि मग मोबियस, आर्झाक. फ्रान्सचा ज्याँ जिरो, मोबियस हे त्याचं टोपणनाव, १९७५ ला मेताल ह्युरलां मासिकात आर्झाक आलं. एक गप्प माणूस पक्ष्यासारख्या मोठ्या उडत्या प्राण्यावर बसून उजाड दगडांच्या देशावरून उडते, कुठं चालला, काय शोधते, काही सांगत नाही. त्या पठ्ठ्यानं नावाचं स्पेलिंगसुद्धा दरवेळी बदललं. हे चित्रकलेवाल्या पोरांना द्या, एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा करणारी एखादी भाची असेल तर तिला आधी, एकेका पानावर रेघांचं काम पाहत ती अर्धा दिवस काढेल. लहान पोरांसाठी मात्र नाही.

भीतीवाले वाचक वेगळे. आपल्या इकडं रात्री जागलीला जाणारे भरपूर, रानडुकरं धान नाहीतर चणा खाऊन जातात म्हणून माळ्यावर बसून रात्र काढायची, हातात मोबाइल. अशाला मी जुंजी इतोचं उझुमाकी सांगतो, १९९८-९९ चं मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स. एका गावाला वळणाच्या आकाराचा, म्हणजे गोगलगाईच्या शंखावर असते तशा भोवऱ्याचा, शाप लागते. भूत नाही, खूनी नाही, फक्त आकार. ऐकायला फालतू वाटते आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत माणूस आपल्या बोटावरचे ठसे पाहायला लागते. चित्र एकदम स्वच्छ, बारीक, समजायला सोपे, इंग्रजीही सोपी, म्हणून वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारात हे सगळ्यात भरवशाचं. सुरुवातीचे प्रकरणं सुटे सुटे आहेत, एक वाचून पाहा, नाही जमलं तर सोडा. दोन गोष्टी आधी सांगून ठेवा, एक म्हणजे पानं उजवीकडून डावीकडं वाचायची, आणि दुसरी, बायको बाळंतपणाला गेली असेल किंवा घरात कोणी गरोदर असेल तर दवाखान्यातले प्रकरणं सोडून द्या, ते खरंच खराब आहेत.

उझुमाकी पचलं की योशिहारू त्सुगेचं नेजिशिकी. १९६८ ला गारो मासिकात आलेली छोटीशी गोष्ट, जपानी कॉमिक्सला ज्यांनी वेगळ्या वाटेला लावलं त्यातली एक. एका पोराला समुद्रात जेलीफिश चावते, हाताची रक्तवाहिनी तुटते, ती दुसऱ्या हातानं धरून तो गावभर डॉक्टर शोधत फिरते आणि गावात जिकडं पाहावं तिकडं डोळ्याच्या डॉक्टरच्या पाट्या. मी ही गोष्ट तोंडी सांगितली तर आमच्याकडं कोणीच म्हणत नाही की ही सररिअल आहे, पीएचसीला, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन आलेला माणूस म्हणते "बरोबर हाय न, असंच होते". इथं मात्र शेवटाची कल्पना आधी द्या. उलगडा होणार नाही, स्वप्न संपते तशी गोष्ट संपते, त्याची वाट पाहू नको. हे एक वाक्य आधी बोललं की बरेच पुस्तक वाचतात, नाहीतर लोक शेवटच्या पानापर्यंत रहस्य उलगडायची वाट पाहतात आणि मग आपल्याला शिव्या देतात.

सायकेडेलिक, म्हणजे नशेत दिसावं तसं रंगीबेरंगी, भासांचं, म्हणलं की कोणीतरी डोळा मारून विचारतेच, "गांजा लागते काय रे याले?" काही लागत नाही. विन्सर मॅकेचं लिटल निमो इन स्लंबरलँड १५ ऑक्टोबर १९०५ पासून न्यूयॉर्क हेराल्ड पेपरात यायचं, घरातल्या सगळ्यांनी रविवारी पाहायला. पोरगा झोपते, स्वप्नात जाते, शेवटच्या चौकटीत पलंगावरून पडते नाहीतर जागा होते, दरवेळी हेच. गोष्ट खुंटीला बांधलेली असल्यामुळं चित्राला पाहिजे तेवढं उधळता येते, एका पानावर तर पलंगालाच लांब पाय फुटतात आणि तो शहराच्या इमारती ओलांडत चालायला लागते, तेही १९०८ साली. जुनं असल्यामुळं कॉपीराइट संपलं आहे, नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळते, म्हणून ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याची सुरुवात इथून. फक्त आफ्रिकन लोकांची चित्रं त्या काळच्या गोऱ्यांच्या नजरेची आहेत, ती खटकतात, खटकलीच पाहिजे. आणि अमेरिकेचा जिम वुड्रिंग, त्याला लहानपणापासूनच नसलेल्या गोष्टी दिसायच्या, त्यातून त्याचे फ्रँकचे कॉमिक्स आले, बिनशब्दाचे. वेदरक्राफ्ट, २०१० चं, त्यातलं एक. गोंडस चेहऱ्याचा प्राणी आणि आजूबाजूला एकदम क्रूर जग. हे गोडगोड आवडणाऱ्याला देऊ नका, मुखपृष्ठावर फसते तो.

साठच्या दशकातले सॅन फ्रान्सिस्कोचे झॅप कॉमिक्स वगैरे इतिहास म्हणून ठीक, त्यातल्या व्हिक्टर मॉस्कोसो या चित्रकाराचं काम पाहण्यासारखं आहे, पण बायकांबद्दल आणि काळ्या लोकांबद्दल त्यातलं बरंच काही आज वाचवत नाही. मी शिफारस करत नाही. चार्ल्स बर्न्सचं ब्लॅक होल चांगलं आहे, एकदम चांगलं, १९९५ ते २००५ दहा वर्षं लागली त्याला, सत्तरच्या दशकातले सिएटलकडचे पोरं-पोरी, एक रोग संबंधातून पसरते आणि कोणाला शेपूट, कोणाला मानेवर दुसरं तोंड. पण नागडेपणा भरपूर आहे, त्यामुळं हे अभ्यासिकेच्या टेबलावर ठेवायचं नाही, गावात पुस्तक कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही आणि मग अभ्यासिकेत असे पुस्तक ठेवणंच बंद पडते. पूर्ण वाढलेल्या, स्वतः मागणाऱ्या माणसाला हातोहात द्या.

आता द इनकाल, कारण कोणी ना कोणी विचारतेच. अलेहांद्रो होडोरोव्स्कीची कथा, मोबियसचे चित्र, १९८० ते १९८८, सहा भाग. होडोरोव्स्कीला ड्यून या साय-फाय कादंबरीवर सिनेमा करायचा होता, तो बनला नाही, त्याची बरीच कल्पना इकडं वळली. पहिल्याच पानावर जॉन डिफूल नावाचा फालतू डिटेक्टिव्ह एका खोल शहरात वरून खाली पडत असते, खाली अॅसिडचं तळं. साय-फाय सिनेमे पाहणाऱ्याला पहिले दोन भाग पळतात. तिसऱ्यापासून सगळं अध्यात्माकडं जाते, आत-बाहेर, प्रकाश-अंधार वगैरे, आणि इथं शहरातले वाचक गळतात. पण हरिपाठ, प्रवचन ऐकलेला माणूस इथं गळत नाही असा माझा अंदाज आहे, त्याला उलट सुरुवातीची गोळीबारी कंटाळवाणी वाटू शकते. म्हणून इनकाल देताना त्याला सांगा की अर्ध्यानंतर तुझं काम आहे. मूळचे सहाच भाग द्या, मागची-पुढची कथा म्हणून दुसऱ्यांनी काढलेले भाग नंतर.

मुंबईची ओढ असणाऱ्याला द मेनी डेथ्स ऑफ लायला स्टार, राम व्ही आणि फिलिपे आंद्रादे, २०२१. मृत्यूच्या देवीची नोकरी जाते, कारण अमरत्व शोधणारा पोरगा मुंबईत जन्माला येणार, आणि ती माणूस होऊन मुंबईत येते. नोकरी जाणं म्हणलं की एमपीएससीवाले लगेच जवळ येतात.

द्यायची पद्धत पण सांगतो. स्टोरी सांगू नका, एक पान उघडून दाखवा, मधलं, सगळ्यात चांगलं. नजर पानावर थांबली तर द्या, पटकन पुढच्या पानाकडं गेली तर दुसरं काढा. इंग्रजी किती आहे ते खरं सांगा. मोबाइलवर वाचणार असेल तर अॅपमधलं एकेक चौकट दाखवणारं सेटिंग बंद करायला लावा, या पुस्तकांत पूर्ण पान हेच चित्र असते, चौकट तोडली की अर्धी मजा गेली. आधी अख्खं पान, मग झूम. झेडपी शाळेत डिजिटल वर्गाचा मोठा टीव्ही असेल आणि गुरुजी ओळखीचे असतील तर लिटल निमो त्यावर लावा, पोरं खाली बसून ओरडतात. फुकटच्या पायरेटेड स्कॅनचं तुम्हीच ठरवा, पण रंग मेलेले असतात आणि मधले पानं गायब, विचित्र पुस्तकात पान गायब आहे हे कळतसुद्धा नाही.

पैशाचं म्हणाल तर बाहेरून येणारे जाड पुस्तक महागच पडतात, हजाराच्या वर सहज. चारपाच जण मिळून भिशी लावा, दर महिन्याला एकानं एक पुस्तक घ्यायचं, वाचून फिरवायचं. भीमायन आणि अरायव्हल आधी, कारण ते दहा हातांतून गेले तरी वाया जात नाहीत.

पुस्तक परत आलं की "कसं वाटलं" विचारू नका, "छान" असं उत्तर येते आणि विषय संपते. विचारा की कोणत्या पानावर थांबला होतास. पान सांगितलं तर त्यानं वाचलं, आणि ते पान पाहून पुढचं ठरते. चित्रावर थांबला असेल तर मोबियसकडं न्या, गोष्टीतल्या गडबडीवर थांबला असेल तर त्सुगेकडं. आणि जो म्हणेल की हे तर सोपंच होतं, अजून बेकार काही आहे काय, त्याला मोबियसचं द एअरटाइट गॅरेज द्या, १९७६ पासून तो ते दर महिन्याला पुढं काय होणार ते न ठरवता काढत गेला, दोन-दोन पानं, मागचं विसरून. पूर्ण वाचून कोणी गोष्ट सांगितलीच तर मला पण कळवा.